मुलं चित्र तपासून बघतात

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना अक्षरओळख होण्याआधीच चित्रांचं वेड लागलं होतं. घरी 'स्ट्रँड', 'पंच', 'टिट-बिट्स' अशी इंग्रजी मासिकं येत आणि त्यांतली चित्रं ते बघत बसत. पुढे शाळेत मास्तरांनी वर्गाला पान काढायला सांगितलं. लक्ष्मण यांनी पिंपळाचं पान काढलं आणि मास्तरांनी त्याचं कौतुक केलं. आपण चित्रकार होणार, याविषयी त्यांच्या मनात मग शंका उरली नाही. मासिकातली चांगली चित्रं आणि आपलं चित्र नीट बघणारं एक मोठं माणूस, या दोन गोष्टी त्यांना अगदी वेळेवर मिळाल्या.

बालमासिकासाठी चित्रं काढणाऱ्याच्या वाट्याला ही दोन्ही कामं येतात. चित्र छापून आलं की आपलं काम संपलं, असं या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. पण तो अंक जमिनीवर पसरून, पालथं पडून बघणारं मूल दुसऱ्या दिवशी वही उघडून तसंच काहीतरी काढायला घेतं. कधी ते चित्र आपल्याकडे पाठवतं, कधी शाळेतल्या कार्यक्रमात आपल्या हातात आणून देतं. त्या वेळी काय बोलायचं, हेही चित्रकाराला यायला हवं. दोन्ही कामांना मुळात लागते ती बारकाईने बघायची सवय. ती कशी लावून घ्यायची आणि कशी वापरायची, हे या लेखात सांगायचं आहे.

आपले वाचक कसे बघतात

मोठी माणसं चित्रावरून नजर फिरवतात, मुलं ते तपासतात. गोष्टीत बंडूच्या डाव्या हाताला पट्टी असेल आणि चित्रात उजव्या, तर पत्र हमखास येतं. पहिल्या पानावर शेळी पांढरी आणि शेवटच्या पानावर कबरी असेल, तर मुलाच्या लेखी गोष्टच खोटी ठरते. म्हणून संदर्भ गोळा करण्यात गेलेला वेळ वाया गेला, असं कधी समजू नका.

बैलगाडीचंच घ्या. शहरात वाढलेले चित्रकार पुष्कळदा जू बैलाच्या पाठीवर टेकवतात. जू येतं मानेवर, वशिंडाच्या पुढे. त्याच्या टोकाला शिवळा असतात आणि जोत्याने ते बैलाच्या मानेला बांधलेलं असतं. वैजापूरच्या किंवा मंगळवेढ्याच्या मुलाला हे सांगावं लागत नाही, आणि आपलं चुकलेलं जू बघून 'हे मासिक आपल्यासाठी नाही' असा अर्थ ते मूल काढतं. घरांचंही असंच आहे. गोष्ट लातूरकडची आणि चित्रात उतरतं लाल कौलारू छप्पर, पुढे पडवी, मागे माडाची झाडं. लातूरकडच्या मुलाने माळवदाचं घर पाहिलेलं असतं, धाब्यावर वाळत घातलेल्या कुरडया पाहिलेल्या असतात. कोकणातलं घर कितीही देखणं काढलं तरी या गोष्टीत ते परकंच दिसणार.

यासाठी स्वतःचा संग्रह हवा. तयार चित्रं ढीगभर मिळतात, पण ती पुष्कळदा आपल्या भागातली नसतात. एसटी स्टँडवरचं बाकडं, जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा, पाणी शेंदणाऱ्या बाईच्या खांद्याची ठेवण, सायकलच्या कॅरिअरला बांधलेलं दप्तर, हे सगळं वहीत रेखाटून ठेवा. फोटोही काढा, पण आधी रेखाटा. फोटो काढला की डोळा निर्धास्त होतो आणि बघायचं थांबतो. संगणकाला सांगून काही सेकंदांत चित्र बनवून घेण्याची सोय आता झाली आहे. पण ते जू कुठे येतं हे बघायला तो कोणाच्या गोठ्यात गेलेला नाही. तिथे आपणच जायचं.

जुने अंकही बघत राहा. पाठ्यपुस्तक मंडळाचं 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झालं. त्याचे जुने अंक मंडळाने संगणकावर मोफत वाचायला खुले केले आहेत. कोणत्याही दशकाचा एक दिवाळी अंक उघडा आणि मजकूर न वाचता केवळ चित्रं बघा. एका रंगात किंवा दोन रंगांत छापायचं बंधन असताना त्या काळच्या चित्रकारांनी रेषेकडून किती काम करून घेतलं आहे, ते कळेल. पुण्याहून निघणाऱ्या 'चिकूपिकू'सारखं अगदी लहानांचं मासिक त्याच्या शेजारी ठेवलं, तर वयानुसार चित्राची भाषा कशी बदलते तेही दिसेल. तीन वर्षांच्या मुलासाठी पानावर एकच मांजर पुरते. दहा वर्षांच्या मुलाला त्या मांजरामागची गल्ली, गल्लीतली दुकानं आणि दुकानांवरच्या पाट्यासुद्धा हव्या असतात.

गोष्ट हातात आली की

संपादकांकडून नऊशे शब्दांची गोष्ट आली आहे असं धरू. आठवडी बाजारात विकायला नेलेली शेळी दावं तोडून पळते, सगळे जण तिच्या मागे धावतात, आणि शेवटी ती घरच्या धाकट्या मुलीलाच सापडते. तुम्हाला एक दोनपानी चित्र आणि दोन छोटी चित्रं काढायची आहेत.

पेन्सिल लगेच हातात घेऊ नका. गोष्ट एकदा वाचा, मग कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. त्यानंतर चित्राचा क्षण शोधा. पहिला मोह होतो तो शेळी सापडण्याच्या क्षणाचा. तो टाळा. ते चित्र आधी दिसलं तर मूल गोष्ट वाचणारच नाही. दुसरा मोह पळापळीचा. ते चित्र चांगलं होईल, पण लेखकाने पळापळ शब्दांत रंगवलेलीच असते. मी असते तर दावं तुटण्याच्या जरा आधीचा क्षण घेतला असता. माणसं भाव करण्यात गुंतली आहेत, बापाचा हात खिशाकडे चाललाय, दाव्याचे पीळ सुटत आलेत आणि तिकडे लक्ष आहे फक्त त्या धाकटीचं. गोष्टीत न लिहिलेलं काहीतरी चित्रात असलं की मूल पुन्हा मागे येऊन चित्र बघतं. लेखकाचं वाक्य न मोडता त्याच्या शेजारी आपली भर घालता येते, आणि या कामात मला सर्वांत जास्त आनंद तिथेच मिळतो.

आता डोळा कुठे ठेवायचा? धाकटीच्या उंचीवर. त्या उंचीवरून बाजार म्हणजे धोतरं, लुगड्याचे काष्टे, पिशव्या, वहाणा आणि शेळ्यांची तोंडं. मोठ्या माणसांचे चेहरे वर, पानाच्या कडेला अर्धे कापले गेले तरी हरकत नाही. शेळी काढताना तिच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, हे विसरू नका. माणसासारखी गोल बाहुली काढली की ती शेळी न राहता शेळीचं सोंग होते.

पात्रं ठरली की प्रत्येकाचं एक पान करा. समोरून, बाजूने, पाठमोरं, हसताना, रडताना. 'चांदोबा' मासिकात के. सी. शिवशंकरन म्हणजेच 'शंकर' यांनी १९५२ पासून अनेक दशकं चित्रं काढली. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला त्यांचा विक्रम राजा महिन्यामागून महिने तोच राहिला, म्हणूनच मुलांनी राजाला चेहऱ्याने ओळखलं. २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. 'टिंकल' या बालमासिकातला सुपंडी राम वाईरकरांनी घडवला आणि त्यांच्यामागे त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर यांनी तो काढला. हात बदलला तरी पात्र बदलत नाही, कारण डोक्याचा आकार, उभं राहण्याची ढब आणि कपडे हे सगळं आधीच पक्कं ठरलेलं असतं.

छपाईचं थोडं. मोठ्या मेहनतीने केलेली चित्रं इथेच मार खातात. कच्चं रेखाटन संपादकांना आधी दाखवा, रंग भरल्यावर बदल करणं दोघांनाही जड जातं. मजकुराची जागा कुठे ते विचारा आणि तो भाग शांत ठेवा. दोनपानी चित्रात मधल्या घडीवर चेहरा, हात किंवा शेळीचं डोकं येऊ देऊ नका. अंकाला पिना मारलेल्या असोत की पाठ चिकटवलेली असो, घडी काहीतरी गिळतेच. चित्र पानाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंनी निदान ३ मिलिमीटर जादा काढा. संगणकावर काम करत असाल तर प्रत्यक्ष छापायच्या आकाराला ३०० डीपीआय ठेवा आणि सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीत रंग तपासा. पडद्यावर झळाळणारा हिरवा आणि निळा छपाईत मंदावतो. साध्या मॅपलिथो कागदावर छापणार असतील तर गडद रंग एक-दोन पायऱ्या उजळ धरा, कारण तो कागद शाई पितो. रात्रीच्या दृश्यांत हे फार जाणवतं. झाड, भिंत आणि माणूस मिळून एकच काळा डाग होतो.

काम, मानधन, कागदपत्रं

काम मिळवण्यासाठी दहा-बारा चित्रं पुरतात, पण ती बालमासिकाच्या गरजेची हवीत. देवादिकांची चित्रं, नट्यांची व्यक्तिचित्रं आणि चार निसर्गचित्रं पाठवली तर संपादकांना काहीच कळत नाही. एकच पात्र चार प्रसंगांत, एक गर्दीचं चित्र, प्राणी, काळ्या-पांढऱ्यात एखादं आणि एका छापील गोष्टीसाठी तुम्ही स्वतःहून काढलेली दोन-तीन चित्रं, एवढं असू द्या. दिवाळी अंकांची कामं पावसाळ्याच्या सुरुवातीपासून वाटली जातात आणि गणपतीच्या सुमारास हातघाईवर येतात. म्हणून नवोदितांनी मे महिन्यातच संपर्क करावा.

मानधनाबद्दल स्पष्ट बोलते. केवळ बालमासिकांच्या कामावर घर चालवणं अवघड आहे. यातले बरेच जण पुस्तकांची मुखपृष्ठं, पाठ्यपुस्तकं, जाहिरात किंवा कलाशिक्षण यांची जोड देतात. तशी जोड दिल्याने तुमची निष्ठा कमी ठरत नाही. मात्र काम घेतानाच रक्कम, ती मिळण्याची मुदत आणि किती वेळा बदल करून द्यायचे, हे एका साध्या ईमेलमध्ये लिहून घ्या.

हक्कांचं तर लिहून घ्याच. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राची मालकी, उलट करार नसेल तर, ते काढून घेणाऱ्याकडे जाऊ शकते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच तशी तरतूद आहे. तुमच्याकडचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. हे चित्र फक्त या अंकापुरतं आहे की पुढे पुस्तकात, दिनदर्शिकेत, ॲपवरही वापरणार, हे आधीच ठरलं तर पुढची कटुता टळते. आणि हक्क दिले तरी चित्र आपलं आहे हे सांगण्याचा अधिकार कलम ५७ नुसार चित्रकाराकडेच राहतो. चित्राशेजारी आपलं नाव छापायला सांगताना संकोच करू नका.

मुलांच्या हातातली पेन्सिल

एका मुलीने मला एसटीचं चित्र दाखवलं होतं. गाडी बाजूने दिसत होती, पण चारही चाकं एकाच ओळीत होती. पत्र्यातून आरपार आतली माणसं दिसत होती, आणि कंडक्टर ड्रायव्हरच्या दुप्पट मोठा होता. शेजारी उभे असलेले तिचे काका म्हणाले, 'अगं, दोनच चाकं दिसतील ना!' तिने लगेच रबर शोधायला सुरुवात केली.

ते चित्र चुकलेलं नव्हतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. साधारण दोन ते चार वर्षं गिरगोट्या, मग सात वर्षांपर्यंत डोक्यालाच हातपाय फुटलेल्या माणसांपासून ओळखू येणाऱ्या आकृत्यांपर्यंतचा प्रवास. सातच्या पुढे जमिनीची एक रेघ येते आणि तिच्यावर झाड, घर, माणूस रांगेत उभे राहतात. या वयात मूल डोळ्यांना दिसतं ते न काढता, माहीत असतं ते काढतं. गाडीला चार चाकं असतात हे तिला माहीत आहे, म्हणून ती चार काढते. आत माणसं असतात, म्हणून पत्रा पारदर्शक होतो. ज्याच्याशी जास्त संबंध येतो तो मोठा होतो, आणि तिकीट देतो, सुटे पैसे मागतो, दारात उभं राहू देत नाही तो कंडक्टरच. मी तिला विचारलं, 'हे इतके मोठे काका कोण?' मग तिने त्या गाडीची सगळी हकीकत सांगितली आणि कंडक्टरच्या खांद्याला चामड्याची बॅग काढली.

तेव्हा मुलाचं चित्र हातात आलं की आधी बघा, मग बोला. 'हे काय आहे?' असं विचारू नका. मुलाला वाटतं, ओळखू येत नाहीये. 'छान', 'वा, मस्त' एवढ्यावरही सोडू नका. प्रत्येक चित्राला 'छान' म्हणणारं माणूस चित्र बघत नाही, हे मुलांना लवकर समजतं. तुम्हाला त्यात काय दिसलं ते सांगा. 'फांद्या वर जाताना बारीक होत गेल्या आहेत', 'या कुत्र्याचे कान मागे वळलेत, ते घाबरलंय का?' लक्ष्मण यांच्या मास्तरांनी एका पानाची दखल घेतली, एवढीच ही गोष्ट आहे. आणि मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल कधीही टेकवू नका. दाखवायचंच असेल तर दुसरा कागद घ्या.

खरी कसोटी नऊ-दहा वर्षांच्या सुमारास लागते. आपलं चित्र 'खऱ्यासारखं' दिसत नाही हे मुलाला आता जाणवू लागतं आणि 'मला चित्रकला येत नाही' असं म्हणून ते वही मिटतं. अनेकांची चित्रकला आयुष्यभरासाठी इथेच थांबते. या वयात कौतुकाचा उपयोग कमी होतो, कारण मूल स्वतःच्या डोळ्यांनी फरक बघत असतं. त्याला आता रीत हवी असते. लांबची वस्तू लहान का दिसते, कोपरा कसा मोजायचा, सावली कुठून पडते, हे आता शिकवावं, आणि वस्तू समोर ठेवून शिकवावं. तांब्या, चप्पल, अर्धवट सोललेलं मोसंबं. चप्पल विशेष चांगली, कारण ती काढताना डोळ्याला सगळी वळणं पकडावी लागतात आणि प्रत्येक चप्पल तिच्या मालकाच्या पायासारखी झिजलेली असते. या वयात मूल मासिकातली चित्रं बघून उतरवत असेल तर अडवू नका. पूर्वीपासून चित्रकार असेच शिकत आले आहेत. फक्त एखादं चित्र उतरवून झालं की सांगा, 'आता हाच माणूस पाठमोरा काढ.' उतरवलेलं समजलं आहे की नाही, ते तिथे कळतं.

आपल्याकडच्या एका चित्राबद्दल बोलायलाच हवं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली येणारी नदी, एक झोपडी आणि आकाशात चार पक्षी. विदर्भाच्या सपाट शेतात राहणारं मूलही हेच काढतं, कारण हेच काढलं की शाबासकी मिळते. या चित्राला हसू नका. मुलाला एवढंच विचारा, 'तुझ्या घराच्या दारात उभं राहिलं की काय दिसतं?' मग मोबाइलचा टॉवर येतो, पाण्याची टाकी येते, शेजाऱ्यांची म्हैस येते. स्पर्धा भरवणाऱ्यांनीही याचा विचार करावा. 'पर्यावरण वाचवा' असा विषय दिला की दोन हातांवर पेललेली पृथ्वी पुन्हा पुन्हा येते. 'आमच्या गल्लीतलं झाड' असा विषय देऊन बघा.

साहित्य थोडंच द्या. अठ्ठेचाळीस रंगांच्या पेटीपेक्षा तीन मूळ रंग, पांढरा आणि काळा जास्त शिकवतात, कारण मूल रंग मिसळायला लागतं. २बी किंवा ४बी पेन्सिल, पाठकोरे कागद आणि कधीतरी मोठा कार्डशीट एवढं पुष्कळ. चित्रात रंग भरायच्या पुस्तकांवर माझा राग नाही, पण ती चित्रकला नव्हे.

तेरा-चौदाच्या पुढे ज्यांना हे मनापासून करायचं आहे, त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा जरूर द्याव्यात. निदान नियमित सराव होतो. पण खिशात मावेल अशी वहीसुद्धा बाळगावी आणि तिच्यात दररोज काहीतरी चालतं-बोलतं टिपावं. ती वही कोणाला दाखवायची सक्ती नको. बारावीनंतर बी.एफ.ए.साठी राज्याची प्रवेश परीक्षा असते. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ पासून आहे, आणि राज्यात इतरत्रही कला महाविद्यालयं आहेत. पालकांना उपजीविकेची काळजी वाटते ती रास्त आहे. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एखादा अंक दाखवा. मुखपृष्ठ, आतली चित्रं, मांडणी, अक्षरलेखन, कोडी, व्यंगचित्रं यांतलं काय काय कोणीतरी पगार किंवा मानधन घेऊन केलेलं आहे, ते पानं उलटत सांगा.

शेवटचं सांगणं संपादक मंडळींना आणि त्यांच्यासोबत बसणाऱ्या आपल्या चित्रकारांना. मुलांनी पाठवलेलं चित्र छापताना ते 'सुधारू' नका, पार्श्वभूमी पुसू नका, चौकटीत बसावं म्हणून कापू नका. त्याला तिकिटाएवढी जागा देऊ नका. पाच चित्रं छापायची तर दोनच छापा, पण मोठी. नाव, वय आणि गाव पालकांच्या परवानगीने घाला, घरचा पत्ता मात्र कधीही छापू नका. न छापलेल्या चित्रालाही दोन ओळींचं उत्तर द्या आणि त्या चित्रातली एक तरी गोष्ट त्यात लिहा. सुपंडी मुळात तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींमधून आला आहे, त्यामुळे टपालाची पिशवी उघडताना घाई करू नये. मूळ चित्र अंकासोबत परत पाठवा, पाठीमागे पुठ्ठा लावून, आणि टपालखर्च मासिकाने सोसावा.